उन्हाळ्याची बेगमी

जूनच्या आरंभी शाळा उघडली, तेव्हा दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे आम्ही आठवीच्या वर्गास 'सुटीत मी काय केले?' या विषयावर चार ओळी लिहावयास सांगितल्या. कोणी मामाच्या गावी गेला होता, कोणी पंढरपुरास जाऊन आला होता, कोणी पुण्यास नोकरीवर असलेल्या थोरल्या भावाकडे राहून आला होता. एका मुलाच्या वहीत मात्र एकच ओळ होती : 'काही केले नाही, घरी वाळवण होते.'

आम्ही त्याला जवळ बोलावून विचारले, "वाळवण होते म्हणजे काय होते?" प्रथम तो संकोचला, मग हळूहळू सांगू लागला. घरी गहू तीन दिवस भिजत घातले होते आणि त्यांचे पाणी रोज बदलण्याचे काम त्याच्याकडे होते. पहाटे चार वाजता उठून चुलीवरचा चीक ढवळावयास तो आईस हातभार लावीत असे. दिवसभर माळवदावर छत्री घेऊन बसून त्याने कुरडयांची राखण केली होती. दोन पोती चिंच फोडून तिच्यातील चिंचोके काढले होते. आजीने भरडलेली तुरीची डाळ पाखडून झाल्यावर ती डब्यांत भरली होती. एवढे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाकी काही केले नाही." वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही.

त्याहूनही विचार करावयास लावणारी एक गोष्ट त्याच तासाला आमच्या ध्यानात आली. मुलींच्या वह्यांत वाळवणाचा उल्लेखच नव्हता. चौकशी करता कळले, की बहुतेकींनी सुटीचे निम्मे दिवस त्याच कामात घालविले होते, परंतु ते लिहिण्याजोगे आहे असे एकीलाही वाटले नव्हते. ज्या कामाची पावती मिळत नाही, ज्यास गुण मिळत नाहीत, ज्याचा पगार होत नाही, ते कामच नव्हे, ही समजूत इतक्या लहान वयात मुलांच्या मनांत कशी रुजली असावी? तेव्हापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. वाळवण म्हणजे 'काही नाही' नव्हे, घर या संस्थेचे ते एक मोठे अधिष्ठान आहे, हे आमचे मत या लेखात मांडण्याचा विचार आहे.

प्रथम आम्ही वाचकांस जरा दूरच्या प्रवासास नेऊ इच्छितो. त्याचे निमित्तही वर्गातच घडले. पुढे काही महिन्यांनी भूगोलाच्या तासाला उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशाचे वर्णन चालले होते. बर्फाची घरे, कुत्र्यांच्या घसरगाड्या, कातड्याचे कपडे हे सर्व ऐकून मुले नवल करीत होती. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "हिवाळ्यात तिथे काहीच उगवत नाही, तर मग ते लोक खातात काय?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच दुसरी म्हणाली, "उन्हाळ्यात करून ठेवीत असतील, आपल्यासारखे." कोणतेही पुस्तक न वाचता त्या मुलीने अचूक उत्तर दिले होते. ज्या घरात वाळवण होते, त्या घरातील मुलीलाच असे उत्तर सुचू शकते.

या लोकांस पूर्वी आपल्या पुस्तकांत 'एस्किमो' म्हणत. ते नाव बाहेरच्यांनी दिलेले असून कॅनडा आणि ग्रीनलंड येथील लोकांस ते आज आवडत नाही. ते स्वतःस 'इनुइट' म्हणवितात. इनुइट म्हणजे माणसे, आणि एक माणूस म्हणजे 'इनुक'. बर्फाचे घर हे काही त्यांचे बारमाही घर नव्हते. उन्हाळा आला, की कुटुंबे कातड्याच्या तंबूत राहावयास जात. ध्रुववृत्ताच्या उत्तरेस उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. हे थोडे आठवडे म्हणजे त्यांच्या वर्षाचा प्राण. त्यांत जे साठेल त्यावर पुढच्या लांब काळोखाची भिस्त असे.

त्या दिवसांत कोणी कोणते काम करावे, हे पाहण्यासारखे आहे. त्या भागात चार नावाचा एक मासा आहे. तो उन्हाळ्यात समुद्रात जातो आणि ऑगस्टच्या सुमारास नदीतून परत वर चढतो. त्याच्या वाटेवर दगडांचे बांध रचून इनुइट कुटुंबे त्याला अडवीत आणि बर्फासारख्या थंड पाण्यात उभी राहून तीन दातांच्या भाल्याने त्याला टिपीत. स्त्रिया अर्धचंद्राकार सुरीने, जिला तेथे 'उलू' म्हणतात, मासे उभे चिरून वाऱ्यावर वाळत घालीत. हरणासारख्या कॅरिबू नावाच्या जनावरांचा कळप शिकाऱ्यांच्या दिशेस वळविण्याकरिता स्त्रिया आणि मुलेही धावत. त्यांचे मांस पातळ कापून वाळवीत, आणि जे लगेच नको असेल ते दगडांच्या राशीखाली झाकून ठेवीत, म्हणजे कोल्ह्यांस ते सापडू नये. टेकड्यांवर पिकणारी लहान लहान फळे वेचणे, पक्ष्यांची अंडी शोधणे, जळणाकरिता झुडपे गोळा करणे, ही कामे मुलांची आणि म्हाताऱ्यांची. रिकामा हात कोणाचाच नसे. मुलास शिकविण्याकरिता वेगळी शाळा नव्हती. बापाच्या मागे उभे राहून आणि आईशेजारी बसून ते शिके.

या कुटुंबांतील नावांची रीत आमच्या वाचकांस परकी वाटू नये. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवास ठेवतात आणि मग सून त्या मुलास नावाने हाक न मारता 'बाळ', 'अप्पा' असे काहीतरी म्हणते. इनुइट कुटुंबांतही गेलेल्या माणसाचे नाव नवजात बालकास देतात. ते नाव ज्याचे, त्याचे नातेही बालकास मिळते. म्हणून एखादी आई आपल्या तान्ह्या मुलास 'बाबा' म्हणून हाक मारते, कारण त्यास तिच्या वडिलांचे नाव मिळालेले असते. अशा घरात जे काही साठविले जाते, ते केवळ आज हयात असलेल्यांकरिता नसते. त्यात गेलेल्यांचे स्मरण असते आणि येणाऱ्यांचा वाटा असतो.

वाट्याची गोष्ट निघाली, तर सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे राहते. नेत्सिलिक या इनुइट लोकांत हिवाळ्यात सील मारला, की त्याचे ठरावीक भाग ठरावीक जोडीदारांस मिळत. हे जोडीदार फार पूर्वीच, मुलगा लहान असतानाच, नेमून दिलेले असत. शिकार कोणाच्याही हाताला लागो, ती अनेक चुलींवर पोचे. मुलाने आयुष्यातील पहिली शिकार केली, की ती त्याने स्वतः ठेवावयाची नाही, इतरांस वाटावयाची. काही भागांत तर जन्मसमयी ज्या स्त्रीने त्याला हातांत घेतले, तिला या पहिल्या शिकारीचा वाटा देतात. 'मी मिळविले' या भावनेच्या पहिल्याच क्षणी 'मला कोणी वाढविले' याची आठवण करून देणारी ही रीत आम्हांस फार मोठी वाटते.

आता हिमप्रदेशातून आपल्या किनाऱ्यावर येऊ. आमची मातृभाषा कोंकणी. गोमंतकात पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीस 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो' या शब्दापासून तो आला, आणि त्याचाही अर्थ बेगमी असाच आहे. तेथे वैरी थंडी नव्हे, पाऊस. चार महिने समुद्र खवळलेला, वाटा पाण्याखाली, ऊन दिसण्याची पंचाईत. आजही १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस तेथे बंदी असते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत घरोघर खारे बांगडे, सुकी सुंगटे, सुक्या मिरच्या, चिंच, गूळ, कांद्यांच्या माळा, मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या, फणसाची साटे, मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या यांची जमवाजमव होते. मडगावच्या चर्चचे या दिवसांतील फेस्त 'पुरुमेंताचे फेस्त' म्हणूनच ओळखले जाते. त्याच्या बाजारात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही आपल्या पावसाळ्याची खरेदी करतात.

आमच्या लहानपणीचा एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकमाची फळे फोडून साली उन्हात वाळवावयाच्या, त्याच फळांच्या मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवावयाच्या आणि पुन्हा वाळवावयाच्या, अशी सोलांची कृती आहे. आठवडाभर ऊन लागते. एका वर्षी मे महिन्याच्या मध्यासच पाऊस कोसळला आणि आजीने अंगणात घातलेली सारी सोले भिजून वाया गेली. वर्षभराच्या आमटीचा आंबटपणा एका रात्रीत वाहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चार घरांतून चार पानांत बांधलेली सोले आली. कोणी कोणास काही सांगितले नव्हते. पुढील वर्षी आजी पहाटे उठून प्रथम त्या चार घरांच्या अंगणांतील सोले उलटीत असे, मग स्वतःची. उपकार, परतफेड असे शब्द त्या अंगणात कधी कोणी उच्चारले नाहीत. पण आम्ही नागरिकशास्त्राचा जो पहिला धडा शिकलो, तो हाच, असे आज वाटते.

नोकरीच्या निमित्ताने कोहिनूरला आलो, तेव्हा येथे समुद्र नाही आणि फणस नाही, याचे वाईट वाटले होते. परंतु पहिल्याच उन्हाळ्यात गल्लीतील माळवदे पाहिली आणि आम्ही पुरुमेंतातच आहोत असे वाटले. येथील बेगमी पाण्याच्या नव्हे, उन्हाच्या भरवशावर चालते. काळ्या जमिनीतील ज्वारी आणि तूर, गावाबाहेरील चिंचेची झाडे, बाजारातील मिरची, एवढ्या भांडवलावर इकडच्या गृहिणी वर्ष उभे करतात. कुरडया, शेवया, सांडगे, खारवड्या, ज्वारीचे आणि उडदाचे पापड, वर्षाचे तिखट, मीठ लावून ठेवलेले चिंचेचे गोळे, लोणची : यादी संपत नाही. कन्नड बोलणारी घरे असोत की मराठी बोलणारी, माळवदावरचे दृश्य एकच. एका घरच्या पाटावर दुसऱ्या घरची सून पापड लाटीत असते आणि तिसऱ्या घरची आजी 'पीठ सैल झाले ग' म्हणून सांगत असते.

या कामांतील शहाणपण वरवर पाहता दिसत नाही. गहू तीन दिवसच का भिजवावयाचे? चौथ्या दिवशी ते अधिक आंबतात आणि दोन दिवसांत चीक नीट सुटत नाही. चीक शिजवावयास पहाटच का? कारण सूर्य वर येण्यापूर्वी कुरडया घालून झाल्या पाहिजेत, म्हणजे त्यांस दिवसाचे सारे ऊन मिळते. चीक काढून उरलेला चोथाही फुकट जात नाही, त्यात तिखट-मीठ घालून वड्या घालतात. धान्यात कडुलिंबाचा पाला का ठेवतात, डाळ भरडण्यापूर्वी तुरीस तेलपाण्याचा हात लावून ऊन का देतात, या प्रत्येक 'का'स उत्तर आहे, आणि ते उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांपैकी अनेकींनी शाळेचा उंबरठाही पाहिलेला नाही.

आणि पेव? आजच्या मुलांपैकी किती जणांनी पेव पाहिले असेल? जमिनीत खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा खणून, त्यास कडब्याचे अस्तर देऊन त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. आत हवा कोंडते, म्हणून किडा जगत नाही. पण त्याच कारणाने माणूसही जगत नाही. पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवून, दिवा सोडून पाहून मगच आत उतरावयाचे, हा दंडक होता. तो मोडणारे प्राणांस मुकले आहेत. वर्षाचे अन्न सुरक्षित ठेवणारी जागा बेसावध माणसास मृत्यूची जागा होई. म्हणून पेव एकट्याने उघडावयाचे नाही, चार माणसांस बोलावून उघडावयाचे.

हिमप्रदेशातील दगडांची रास, गोमंतकातील सोलांची बरणी आणि आपल्याकडील पेव या तिन्ही गोष्टी आम्ही एका ओळीत मांडल्या, त्या मुद्दाम. तिन्ही ठिकाणी निसर्ग वर्षातील थोडे दिवस उदार असतो आणि पुष्कळ दिवस कठोर असतो. तिन्ही ठिकाणी त्या थोड्या दिवसांत घरातील लहानथोर एकत्र राबतात. आणि तिन्ही ठिकाणी जे जमते, ते एकट्याचे राहत नाही. हे तिसरे लक्षण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यावरूनच बेगमी आणि साठा यांतील भेद कळतो. बेगमी करणारा 'वेळ आली तर सर्वांस पुरले पाहिजे' असे म्हणतो. साठा करणारा 'वेळ आली तर भाव वाढला पाहिजे' असे म्हणतो. धान्य तेच, कोठारही तेच. भेद आहे तो दाराच्या कडीत.

हा भेद आपल्या या भूमीस नवा नाही. बीदर ही बहामनी राज्याची राजधानी होती, त्या काळची दामाजीपंतांची कथा घराघरांत सांगितली जाते. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे उघडून लोकांस धान्य वाटले. त्यांस कैद करून बीदरला आणण्याची आज्ञा सुटली. तेव्हा विठोबाने महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात धान्याचे मोल भरले, असे संतकथा सांगते. कथेतील चमत्कार श्रद्धेचा विषय म्हणून बाजूस ठेवला, तरी लोकांनी ही कथा इतकी शतके का जतन केली याचा विचार करावा. भुकेल्यांपुढे कोठारास कुलूप असणे हे देवासही पाहवत नाही, हा लोकांचा न्याय त्यात आहे. तसेच आपल्या जवळच्या बसवकल्याणात, जे पूर्वी केवळ कल्याण होते, बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आणि शरणांनी 'कायक' आणि 'दासोह' हे दोन शब्द एकत्र शिकविले. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजास अर्पण करणे. पहाटे उठून घातलेली कुरडई हे कायक, आणि ती शेजारच्या बाळंतिणीच्या घरी पोचविणे हा दासोह.

शेतकऱ्याच्या घरातील आणखी एक रीत येथे सांगावयास हवी. रानातील पीक काढून झाले, की पडलेली कणसे आणि जमिनीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा मालक वेचीत नाही. तो 'सरवा' होय. तो वेचण्याचा हक्क ज्यास रान नाही त्याचा. उन्हाळ्याच्या तोंडी गावातील मजूर स्त्रिया आणि मुले रानोरान फिरून सरवा वेचतात आणि ओटीभर धान्य घरी आणतात. ज्यास माळवद आहे त्याचीच बेगमी व्हावी असे नव्हे, ज्यास माळवद नाही त्याचीही व्हावी, ही सोय त्या रीतीत होती. आज यंत्राने कापणी होते आणि रान लगेच नांगरले जाते. सरवा आपोआप नाहीसा होत आहे, आणि त्याबद्दल कोणी हळहळतानाही दिसत नाही.

आमच्या या मतावर आक्षेप येतील, याची आम्हांस जाणीव आहे. पहिला आक्षेप असा, की आता बाजारात सर्व मिळते, मग हा खटाटोप कशास? हे खरे आहे, आणि ते चांगलेही आहे. बेगमीच्या काळाचे नुसते गोडवे गाणे हा अन्याय होईल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, सुकडी खाऊन आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी करून जगली. तेव्हा पेवे रिकामी होती आणि एकट्या घराची बेगमी कोणास पुरली नाही. सरकारचे कोठार, रेशनचे दुकान, शाळेतील माध्यान्ह भोजन हीही समाजाने केलेली बेगमीच आहे, आणि ती नसती तर पुष्कळ घरे उभी राहिली नसती. घरची बेगमी या मोठ्या बेगमीची जागा घेऊ शकत नाही. परंतु मोठ्या कोठारावर न्यायाने लक्ष ठेवणारा नागरिक ज्या घरात तयार होतो, त्या घरात वाटून खाण्याची सवय असावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. जुन्या गावगाड्यात खळ्यावरील धान्याचा वाटा सर्वांस मिळे, हे खरे. पण तो सर्वांस सारख्या मानाने मिळत नसे. कोणाचा वाटा हक्काने मोजला जाई, तर कोणाच्या पदरात तो दुरून टाकला जाई. ज्या वाटपात माणसाचा मान हिरावला जातो, त्यास दासोह म्हणता येत नाही, आणि शरणांचा झगडा याच गोष्टीविरुद्ध होता. जुन्यातील वाटून खाणे घ्यावे, उच्चनीचपणा टाकून द्यावा.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गातील त्या मुलींच्या कोऱ्या वह्यांनी घेतला आहे. वाळवणाचे कौतुक सर्व घर करते, पण चुलीच्या धगीस पहाटे चारपासून कोण बसते? पापड लाटून मनगटे कोणाची दुखतात? इनुइट कुटुंबात मासे पकडणारा आणि मासे चिरणारी यांची कामे वेगळी होती, पण दोन्हींपैकी एकही थांबले तर हिवाळा निभणार नाही, हे दोघांसही ठाऊक होते. स्त्रीच्या हातची शिवण नीट नसेल तर शिकारी थंडीने मरे. आपल्याकडे मात्र रानातील काम तेवढे काम, आणि माळवदावरचे काम म्हणजे 'बायका करीत असतात'. हा दृष्टिकोण बदलणार नसेल, तर वाळवण बंद पडले तरी आम्हांस खेद वाटणार नाही. परंपरा टिकवावयाची असेल तर तिचा भार वाटून घ्यावा लागेल. कुटुंबातील पुरुष माणूस सोऱ्या दाबू लागला म्हणजे त्याचे काही कमी होत नाही. त्या दाबण्यास किती जोर लागतो, एवढे मात्र त्याला कळते.

परंपरा तुटली की काय होते, याचेही उदाहरण त्या दूरच्या प्रदेशात आहे. १९५३ साली कॅनडाच्या सरकारने इनुकजुआक येथील काही इनुइट कुटुंबे उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड येथे नेऊन ठेवली. बर्फातील माणसे बर्फात राहतील, एवढाच हिशेब. परंतु तेथील हिवाळ्यात महिनोन्महिने काळोख, ओळखीची फळे नाहीत, ओळखीचे प्राणी कोठून येतात-जातात याची माहिती नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान जागेवरच राहिले आणि माणसे तेवढी हलविली गेली. त्यांनी अतोनात हाल सोसले. २०१० साली सरकारने त्यांची जाहीर क्षमा मागितली. अन्न मिळविण्याचे ज्ञान पेटीत भरून नेता येत नाही, ते त्या मातीशी, त्या वाऱ्याशी, त्या माणसांशी बांधलेले असते, हे त्या क्षमेपूर्वीच त्या कुटुंबांस ठाऊक होते. १९९९ साली कॅनडात 'नुनावुत' हा प्रदेश स्थापन झाला. नुनावुत म्हणजे 'आमची भूमी'. तेथील दुकानांत आज विमानाने आणि जहाजाने आलेले अन्न फार महाग मिळते, समुद्रावरील बर्फही पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. तरीही तेथील कुटुंबे उन्हाळ्यात मुलांस घेऊन रानात तंबू ठोकतात, मासे वाळवितात आणि शेजाऱ्यांस वाटतात. दुकान असूनही ते हे करतात. ही गोष्ट आमच्या 'बाजारात सर्व मिळते' म्हणणाऱ्या मित्रांनी ध्यानात घ्यावी.

आमच्या गावावर कोणी असे संकट आणलेले नाही. पण पुण्या-हैदराबादेस जाणाऱ्या गाड्या रोज भरून जातात, माळवदांच्या जागी पत्रे आणि सिमेंटची छते येत आहेत, आणि आजीस विचारावयाचे प्रश्न आपण पुढच्या सुटीवर ढकलीत आहोत. आमचे ज्ञान कोणी उचलून नेले नाही, तर आम्हीच ते न विचारता मागे सोडीत आहोत.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आमचे तुमच्यापाशी तीन मागणी आहेत. पहिली, येत्या उन्हाळ्यात घरातील एका तरी पदार्थाची कृती आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हातांनी करा. मुलग्यांनी तर अवश्य करा. दुसरी, ती करताना आजीने, आईने, शेजारच्या काकूंनी जे सांगितले ते वहीत लिहून ठेवा. किती दिवस, किती मीठ, कोणत्या वाऱ्याला भ्यावयाचे, कोणत्या ढगास भ्यावयाचे नाही, हे सर्व लिहा. कन्नड शब्द असेल तर तसाच लिहा, लमाणी तांड्यावरील मैत्रिणीने सांगितलेला असेल तर तोही लिहा, कारण या सीमेवर एकाच पापडास तीन नावे असतात आणि तिन्ही खरी असतात. तिसरी, जे कराल त्यातला पहिला वाटा घराबाहेर द्या. त्या हिमप्रदेशातील मुलाची पहिली शिकार आठवा. कोणास द्यावा हे आम्ही सांगणार नाही. आपल्या गल्लीत कोणाचे माळवद यंदा रिकामे राहिले, हे तुम्हांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

पालकांसही एक विनंती. मूल चीक ढवळताना सांडील, पापड वेडावाकडा लाटील, कुरडई तुटेल. त्यास उठवून लावू नका. तुटलेली कुरडईही तळल्यावर फुलते.

आता जूनमध्ये आम्ही पुन्हा तोच विषय फळ्यावर लिहिणार आहोत : 'सुटीत मी काय केले?' चार ओळींची अट या वेळी काढून टाकू. ज्यास हवे त्याने चार पाने लिहावीत. पंढरपूर लिहावे, पुणे लिहावे आणि माळवदही लिहावे. 'काही केले नाही' ही एक ओळ तेवढी कोणाच्याही वहीत नसावी.